समुद्रावरची पंगत

आमची बुढी, म्हणजे माझी बायको, ओट्यापाशी उभी राहिली की आधी दोन्ही पाय फाकवायची, कंबर भिंतीला दाबून धरायची आणि मगच भांड्याला हात लावायची. अकोल्यातली फरशी काही हलत नाही. तरी ती तशीच उभी राहायची. कोणी हसलं की म्हणायची, "पयले पाय, मंग हात."

शेवटच्या सकाळी आम्ही दोघं वर्षाच्या तिखटासाठी मिरच्यांचे देठ तोडत बसलो होतो. बसतानाही तिची पाठ भिंतीला आणि एक टाच दाराच्या चौकटीला लावलेली. तिच्यापुढं नुसते देठ पडत होते. माझ्यापुढं देठासोबत अर्धी मिरचीही जात होती.

"देठं तोडून राह्यले का मिरच्या तोडून राह्यले?"

"हात चालते तसा तोडतो."

"हात कशाले चालन, डोळे टीव्हीत हायेत."

"डोळ्यात तिखट गेलं व."

"मंग धुऊन या. येतांनी माह्यासाठी पानी आना."

मी डोळे धुतले, पाणी आणलं. ती प्यायली. उरलेल्या मिरच्या संध्याकाळी करू म्हणाली आणि जेवून दुपारी आडवी झाली. ती काही उठली नाही.

मरण सगळ्यांना येतं. त्याचं रडगाणं गायला मी बसलो नाही. मला बुढी कशी होती ते सांगायचं आहे. अकोल्यात नाहीतर अमरावतीत तुम्ही कोणाच्या लग्नाला गेला असाल तर तिच्या हातचं जेवला असाल आणि तुम्हाला माहीतही नसेल.

घरात ती माझी बायको होती, कामावर मुकादम. लग्नं, तेरव्या, सप्ताहाचे महाप्रसाद, सगळे सयपाक आम्ही केले. आर्डर तिच्या नावानं यायची. मी भट्टी पेटवायचो, पोती उचलायचो, कढया उतरवायचो आणि बोलणी खायचो. सातवीत शाळा सोडलेल्या माणसाला एवढं पुरे.

तिचा एक नेम होता. शेवटची पंगत उठल्याशिवाय ती तोंडात घास घालायची नाही. तिचं माहेर तेल्हाऱ्याचं. बाप तिकडं आचारी होता, त्याचाही हाच नेम. सयपाक करणाऱ्यानं आधी खाल्लं तर अन्न पुरत नाही, असं ते मानायचे. एकदा अमरावतीत वरातच इतकी उशिरा आली की पंगती उठता उठता दिवस मावळला. बुढी दिवसभर पाण्यावर. मी मागच्या बाजूला जाऊन दोन जिलब्या हाणल्या. वळलो तर ती समोर उभी.

मी म्हटलं, "नेम मोडला माह्या हातून."

"तुमाले कायचा नेम? तुमी तं हमाल. खा."

अशाच एका लग्नात एक साहेब भेटले. आमच्या भागातलेच, पण सगळी नोकरी मोठ्या जहाजांवर इंजिनं सांभाळण्यात गेलेली. नोकरी सोडून त्यांनी स्वतःची एक शिडाची बोट घेतली होती. ते, त्यांची मॅडम आणि बोट चालवणारे दोन तरुण असे कोचीहून सेशेल्स नावाच्या बेटाला निघणार होते. इंजिन फक्त बंदरापुरतं, बाकी सगळा प्रवास वाऱ्यावर. साहेब हात धुऊन भट्टीपाशी आले.

"काकू, असं जेवण बोटीवर मिळालं तर मी जगाला फेरी मारीन."

"किती मानसं?"

"आम्ही चार."

"चार मानसाच्या जेवनाले सयपाक म्हंते का कोनी? त्याले नाश्ता म्हंते."

साहेब हसले. त्यांनी गंमत केली होती. बुढीनं केली नव्हती. लग्नाचा मांडव उतरल्यावर तिनं आमच्या पोरीकडून साहेबांचा नंबर मिळवला आणि फोन करून विचारलं, कधी निघायचं. तिकडं काय बोलणं झालं ते मला नीट माहीत नाही. फोन ठेवून मला म्हणाली, "आपल्याले जायचं हाय."

"काहून?"

"जल्मभर मांडवात सयपाक केला. एकखेप बिना मांडवाचा करून पाहू."

"मले पोहता येत नाही."

"मले येते का?"

हे तिचं उत्तर. यापुढं तिच्याशी बोलून फायदा नसायचा. आमची मुलगी अमरावतीला दिलेली आहे. ती येऊन रडली, ओरडली, आईच्या गुडघ्यांची आठवण करून दिली. बुढी म्हणाली, "गुडघे काय, घरी ठेवून जातो का मी? संगंच नेतो." मग आमचे पासपोर्ट निघाले. फोटोत ती अशी बघत होती जसा कोणी तेलाचा डबा कमी भरून दिला.

मी तोपर्यंत मोठं पाणी पाहिलं ते वान धरणाचं. कोचीला बोटीवर पाय ठेवला आणि धरणाची किंमत कळली.

बोटीवरचं किचन आमच्या मोरीएवढं. शेगडी दोन खुंट्यांवर झुल्यासारखी टांगलेली. बोट कलली की शेगडी सरळ राहते आणि आपण कलतो. भांडं घसरू नये म्हणून वरून लोखंडी आडव्या पट्ट्या. उभं राहणाऱ्या माणसाच्या कंबरेमागून एक रुंद पट्टा लावायचा, तो दोन्हीकडं हुकात अडकवायचा. बुढीनं शेगडीला बोटानं ढकलून पाहिलं.

"हे शेगडी हाय का पाळना?"

"दोन्ही," मॅडम म्हणाल्या.

पहिल्याच दिवशी तिनं चहाचं पातेलं दोन्ही हातांनी उचललं, बोट कलली, आणि सगळा चहा लुगड्यावर. नशीब, निवलेला होता. मॅडमनी तिला मागून धरलं. पाय कसे फाकवायचे, कंबर कुठं टेकवायची, पट्टा कधी लावायचा, सगळं स्वतः उभं राहून दाखवलं. मग स्वतःची रबरी पँट दिली, गरम सांडलं तर भाजू नये म्हणून. बुढीनं लुगडं आत कोंबून ती चढवली. मला हसू आलं.

"हासा. पन तुमाले हे येनार नाही, पोट आडवं येईन."

मॅडमनी एकदा सांगितलं, तिनं एकदा ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून ती मलाच शिकवायला लागली. पयले पाय, मंग हात. मी चमचा उचलायला गेलो तरी पयले पाय.

सुरुवातीचे दिवस चांगले गेले. गोडं पाणी मोजकं, म्हणून बटाटे उकडायला थोडं समुद्राचं पाणी घालायचं, भांडी तर सगळी समुद्राच्याच पाण्यानं. हे तिला आवडलं. म्हणाली, इथं नगरपालिकेचं पाणी कधी येईन याची वाट पाहायचं काम नाही. वर बसायच्या जागेवर ती त्यांना ओळीनं बसवायची, ताटं मांडायची, वाढायची, आग्रह करायची. एकजण सुकाणूवर असायचा, तो मागून जेवायचा. बुढी त्याच्यासाठी थांबायची आणि सगळ्यांत शेवटी स्वतः बसायची. मी मधेच कधीतरी खाऊन घ्यायचो.

मग एक दिवस साहेबांनी कम्प्युटरवर हवामान पाहिलं आणि खाली येऊन बसले.

"काकू, उद्यापासून वारा फार वाढणार आहे. दोन-तीन दिवस तुम्हाला शेगडीला हात लावता येईल की नाही, सांगता येत नाही. हातात धरून खाता येईल असं काही करून ठेवा."

दुसरी बाई घाबरली असती. बुढी पिठाच्या डब्याकडं वळली. तिनं जाडसर कणकेच्या बिट्ट्या केल्या. गोळे आधी उकडले, मग तिथल्या ओव्हनमध्ये भाजले, आतून कोरडे होईपर्यंत. आमच्याकडं पाहुण्यांच्या गर्दीतल्या उरलेल्या बिट्ट्या पोरं पुढं कितीतरी दिवस खात फिरतात. बटाटे उकडून ठेवले. दाण्याची चटणी कुटली. मोठ्या थर्मासात वरण, लहान थर्मासात आल्याचा काळा चहा. चमचे पिशवीत, पिशवी खुंटीला, खुंटीवर गाठ. माझ्याकडं बघून म्हणाली, "आता तुमाले बांधा लागते."

तिचं खरंच निघालं. वारा सुटला तसा मी आडवा झालो. आवाज असा की कापसाच्या जिनिंगच्या सगळ्या मशिनी डोक्यात चालू आहेत. बोट वर जायची आणि वरून खाली पडायची. दर वेळी वाटायचं की झालं. मी जमिनीवर पोत्यासारखा, जवळ बादली. बुढी पट्टा लावून उभी.

तिनं पहिल्यांदा वाटीत वरण वाढून पाहिलं. सवय. बोट चालवणाऱ्यांतला एक तरुण नुकताच भिजून खाली आला होता. बोट आपटली आणि वाटी त्याच्या छातीवर.

तो म्हणाला, "काकू, चव चांगली आहे."

"छातीले कळली का?"

त्यानंतर तिनं ताट-वाटी बंद केली. वरणात बिट्टी कुस्करायची आणि खोल मगात भरून द्यायची, लहान लेकराला भरवतात तशी. मोठ्या माणसांना असं द्यायची तिला लाज वाटत होती. पण देत होती. पाळी अशी की दोघं वर, दोघं खाली. खालचे जेवून वर जायचे, वरचे खाली यायचे. ते जेवायचे तोवर पहिल्यांना पुन्हा काहीतरी गरम द्यायची वेळ व्हायची. चाक फिरत होतं.

आणि बुढी जेवत नव्हती.

मला कळायला उशीर झाला, कारण मीही जेवत नव्हतो. पण माझं पोट काही ठेवत नव्हतं. तिचं ठेवलं असतं. पहिला दिवस तिनं काळ्या चहावर काढला. मी बादलीवरून मान काढून विचारलं, "खाल्लं का व?" ती म्हणाली, "पंगत उठू द्या." दुसऱ्या दिवशीही तेच. वर कोणीतरी असायचंच, कोणाचं तरी व्हायचं असायचंच. पंगत काही उठेना.

दुसऱ्या दुपारी मी पाहिलं तर ती शेगडीपुढं पट्ट्यात लटकलेली. मान खाली, हात सुटलेले, दोरीवर टाकलेल्या चादरीसारखी. मी ओरडलो. मॅडम आल्या, साहेब आले. पट्टा सोडून तिला खाली निजवलं. मनगटावर भाजल्याचा डाग होता, तो कधीचा कोणास ठाऊक.

"काका, या कधीपासून जेवल्या नाहीत?" साहेबांनी विचारलं.

"वारा सुटल्यापासून."

साहेबांच्या अंगावरून पाणी गळत होतं. त्यांनी तिची नाडी पाहिली. मग म्हणाले, "मी मालदीवकडं वळतो. तुम्ही दोघं तिथं उतरा, विमानानं घरी जा. माझ्या बोटीवर माणूस उपाशी मेलेलं मला चालणार नाही."

बुढीनं डोळे उघडले.

"अर्ध्या पंगतीतून मी आजलोक उठली नाही."

"मग जेवा."

"तुमी जेवा पयले."

"मी जेवलो की सुकाणूवर जाईन, तिथला पोरगा खाली येईल, तो जेवेल, मग दुसरा. काकू, इथं शेवटचा माणूसच नाही. तुम्ही कोणासाठी थांबलात?"

साहेब जिन्यात थांबले. "अंधार पडायच्या आत ठरवतो," म्हणाले आणि वर गेले.

सगळं काम तिथं अडलं होतं. घास गिळला तर पुढं, नाहीतर घरी. आणि घरी म्हणजे नुसतं घरी नाही. मी तिला ओळखत होतो. काम टाकून आली असती तर तिनं पुन्हा कोणाच्या भट्टीला हात लावला नसता.

तिच्या बापाचा नेम मला काही पटलेला नव्हता. पण तिला तो पटलेला होता, म्हणून त्याची टवाळी करून भागणार नव्हतं. मी सरपटत थर्मासापाशी गेलो. भिंतीला पाठ लावली, समोरच्या खणाला पाय लावले. बिट्टी वरणात कुस्करली. मगातला घास तिच्या तोंडापुढं धरला.

"खा."

"तुमाले नेम नाही. तुमी हमाल."

"हमालच सांगून राह्यला, आयक. मांडवात एक पंगत उठते, दुसरी बसते, मंग शेवटची बसते. तुह्या बापानं तेच पाह्यलं. इथं पंगत गोल हाय. तिले शेवट नाही. जे जागा खाली दिसते ते तुही हाय. तू बसत नाही म्हनून पंगत उठून नाही राह्यली."



"हे तुमाले कोनं शिकवलं?"

"कोनी नाही. उपाशी पोटी सुचलं."

तिनं घास घेतला. लगेच ओकली. मी बादली धरली. तिनं पदर शोधला, रबरी पँटीत तो कुठं सापडतो. हातानंच तोंड पुसलं आणि दुसरा घास घेतला. डोळे मिटून, दात आवळून, कडू औषध घेतात तसा. तो राहिला. तिसराही राहिला. हळूहळू अर्धा मग संपवला. मी विचारलं, बरं वाटतं का. ती म्हणाली, "कुकर आना."

खिचडी टाकली. ती पट्ट्यात उभी, मी तिच्या पायांपाशी बसून, माझा दुपट्टा कुकरच्या दांडीला बांधून दुसरं टोक हातात धरलेलं. एकदा बोट अशी पडली की कुकर शेगडीवरून उडून भांडी घासायच्या खड्ड्यात गेला. झाकण घट्ट होतं, एक शीत सांडलं नाही. तिनं त्याला दोन शिव्या दिल्या आणि परत बसवला. मग शिट्टी झाली. त्या वाऱ्यातही ती वर ऐकू गेली. तो छातीवर वरण सांडलेला तरुण वरून ओरडला, "काकू, किती शिट्ट्या?"

"तुह्या लग्नात मोजजो. खाली ये."

तो यायच्या आधी तिनं दोन चमचे स्वतः खाल्ले. माझ्याकडं न बघता.

दिवस कलताना साहेब खाली आले. त्यांनी एका हातात सुकाणू आणि एका हातात मग धरून खिचडी खाल्ली होती, मॅडमनी सांगितलं. बुढी समुद्राच्या पाण्यानं कुकर घासत होती.

"काय ठरलं?" तिनं वर न बघता विचारलं.

"सरळ," साहेब म्हणाले.

वारा त्यानंतरही एक दिवस होता. तिनं तिन्ही वेळा शेगडी पेटवली आणि तिन्ही वेळा आधी खाऊन मग वाढलं. दर वेळी घास हातात घेतल्यावर थोडी थांबायची. बापाची माफी मागत असेल. मी विचारलं नाही.

सेशेल्सला पोचलो तर लोक समुद्र बघायला जातात, ही बाजारात गेली. भेंडीचा भाव ऐकून परत आली. "एवढ्या पाण्यातून आलो तं अशी भेंडी," एवढंच म्हणाली. येताना विमानात जेवण आलं. तिनं प्रत्येक डबा उघडून वास घेतला. "हे बी हलत्या चुलीवरचंच दिसते," म्हणाली आणि सगळं संपवलं.

आल्यावर पहिलंच लग्न अकोल्यात. पंगती बसायच्या आधी बुढीनं स्वतःचं ताट वाढून घेतलं आणि भट्टीपाशी उभ्यानं जेवायला लागली. नवरदेवाचा मामा धावत आला.

"आचारीणबाई, आधी पाहुणे जेवतात. आमच्यात असं चालत नाही."

"मी पडली तं पाव्हन्याले कोन वाढन? तुमी?"

मामानं कढईकडं पाहिलं, कढईच्या आकाराकडं पाहिलं, आणि गेला. अन्न पुरलं. उरलंही.

पुढं गुडघ्यांनी जोर केला, आर्डरी कमी केल्या. पण घरातल्या ओट्यापाशीही ती अशी उभी राहायची जशी खाली अजून बोटच आहे. नातेवाईक मला कानात विचारायचे, हिला काही झालं का. मी म्हणायचो, हो, समुद्र झाला.

ती गेली त्या दुपारी शेजारच्या चाची आधी आल्या. त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि बुढीची त्यांची रोजची ये-जा. दारातून म्हणाल्या, "भाईजान, भाभी अब तक सोई हैं?" मी म्हटलं, "बघा तुम्हीच." त्यांनी हात लावून पाहिला आणि तिथंच बसल्या. अमरावतीहून मुलगी-जावई आले, तेल्हाऱ्याहून तिचे भाऊ आले. दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. उन्हाळ्यात ठेवता येत नाही. सोयऱ्यांनी भाकरी आणल्या. त्या कोणी खाल्ल्या नाहीत.

सकाळी मी उठलो तेव्हा घरभर माणसं पडलेली. चाचींकडून किटलीत चहा आला होता. मुलगी भिंतीपाशी बसलेली. आदल्या दुपारपासून तिच्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. ओठ पांढरे पडले होते. मी चहा पुढं केला. तिनं मान हलवली.

"थोडं खाऊन घे."

"सगळ्यांचं होऊ द्या बाबा."

मी उठून सयपाकघरात गेलो आणि गॅस पेटवला. ती मागून आली.

"बाबा, आज घरात चूल पेटवत नाही. चाची पाठवून राह्यल्या जेवन."

"येऊ दे. ते बी खाऊ."

मेव्हणा दारात उभा राहिला. "भाऊजी, रीत हाय ते."

"मले मालूम हाय. रीत तुमी पाळा. मी सयपाक करतो."

तो बाहेर जाऊन बसला. मी तांदूळ धुतले, भात टाकला. कांदा चिरला, फोडणी दिली, बेसन कालवून पिठलं लावलं. एवढं सगळं मला येतं. इतकी वर्षं पाहिलेलं. मग मिठाच्या बरणीपाशी थांबलो. आमच्या कामात मीठ तिचं. कढई किती का मोठी असेना, मीठ तीच घालायची, मला बरणीला हात लावू द्यायची नाही. मुलगी दारात उभी राहून बघत होती. बरणी उघडली. चिमूट घेतली, पुन्हा मूठ घेतली, अर्धी परत टाकली. उरलेलं पिठल्यात सोडलं आणि ढवळलं. हातावर घेऊन चाखलं.

कमी होतं. आणखी टाकलं.